राखणीचे दोन रोल

ज्वारी निसवायला लागली, कणसं बाहेर पडायला लागली, की रानाला एक वास सुटतो. दळणाच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तसा, पण हिरवा. परवा तलवाड्याला आमच्या शेताच्या बांधावर उभी होते, तो वास आला आणि तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. पुण्याहून रेवती. माझ्या धाकट्या भावाची, दत्ताची मुलगी. पुढच्या महिन्यात ती नॉर्वेला निघालीय, आकाशात हिरवे उजेड नाचतात ते बघायला. हल्लीच्या पोरांमध्ये जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचं खूळ परत आलंय, तसं तिलाही लागलंय.

"आत्या, तू गेली होतीस ना तिकडं, बाबा तिथं होते तेव्हा? किती रोल नेले होतेस? मी किती नेऊ?"

मला हसूच आलं. या एका प्रश्नावर आमच्या घरात एक अख्खा हंगाम गेला होता. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. ती संध्याकाळ होऊन गेली, नंतरची एक होऊन गेली, अजून मी तिला उत्तर दिलेलं नाही. रानात उभं राहिलं की मला आबाच आठवत राहतात, माझे वडील.

दत्ता तेव्हा कंपनीच्या कामावर नॉर्वेत होता. त्यानं आधी बोलावलं होतं आबांना आणि मायला. आबांनी साफ नकार दिला. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर काही परत येत नाही, उरलीय ती थेंब थेंब टाकून सांभाळायची. काचबिंदूत मधलं दिसतं आणि कडेचं जातं. आबा म्हणायचे, "पाण्याच्या मोटारीच्या नळीतून बघितल्यावानी दिसायलंय." समोरचं कणीस दिसायचं, शेजारचं नाही. ताटातली भाकरी दिसायची, वाटी शोधावी लागायची. सगळं दिसावं म्हणून ते पाखरासारखी मान सारखी हलवायचे. बैलाच्या शिंगाला दोनदा धडकले, तेव्हापासून त्यांनी गोठ्यात एकट्यानं जाणं सोडलं.

या माणसाला मुळात लांबवरचं बघायची भारी हौस. नारायणगडाला जायचे ते दर्शनाला खरंच, पण दर्शन झाल्यावर कडेला येऊन खालचा मुलूख बघत किती तरी वेळ उभे राहायचे. मी लहानपणी त्यांचा हात धरून तिथं कंटाळले आहे. ते म्हणायचे, "बघ, समदा मुलूख एका नजरंत." तेव्हा मला त्यात काय बघायचं ते कळत नसे. त्या वर्षी मात्र गडावर गेले आणि दर्शन घेऊन तसेच परतले. वाटेत कुणी विचारलं तर म्हणाले, "गेलतो. आता कडंला जाऊन काय करू, तुकडं तुकडंच दिसत्यात."

तर त्यांनी ठरवलं, सुमीनं जायचं. सुमी म्हणजे मी. तेव्हा गेवराईच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नद्या, धबधबे, हिमनद्या सगळं फळ्यावर काढलेलं, प्रत्यक्षात गोदावरीच्या पलीकडं मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. आबा म्हणाले, "दत्ता म्हणतो तिकडं लई पाणी हाय. उन्हाळा-हिवाळा कड्यावरनं पडतंच राहतं. तू बघून ये, अन जे बघशील ते मला दाव." त्यांनी हे सहज म्हटलं, पण मी मनात दिवस मोजायला लागले. त्यांची नळी दिवसेंदिवस बारीक होत होती, आणि मी जे आणणार ते त्या नळीतून दिसेल तेवढ्या काळातच आणायला हवं होतं.

कॅमेरा दत्तानंच मागच्या खेपेला आणून दिलेला, साधा, डोळा लावायला एक बारीक काचेची खिडकी असलेला. प्रश्न रोलचा होता. त्या काळी फोटो म्हणजे हात आखडून करायची गोष्ट होती. स्टुडिओवाले रफिकभाई म्हणाले, "बाई, एका लग्नाला चार रोल लागतात. परदेश म्हणजे दोन लग्नं धरा. आठ न्या." विमानतळावर पिशव्या ज्या यंत्रातून जातात त्यानं रोल धुरकटतात, असं कुणीसं माझ्या मनात भरवून दिलं होतं. त्यामुळं जास्त नेले तर जास्त खराब होतील, असाही एक हिशेब मी मांडला. मायचं म्हणणं वेगळं. "इतक्या लांब गेल्यावर कमी पडलं तर कुणाच्या दारात मागायला जाशील? वळखीचं कोण हाय तिथं?" तिनं जुन्या लुगड्याच्या धुडक्याची एक पिशवी शिवली, वर नाडी ओवली, आणि रोल त्यात घालून ती पिशवी शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात ठेवायची असं जाहीर केलं. चटणीतून कुठलं यंत्र बघणार, असा तिचा विचार.

आबा हे सगळं ऐकत बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "एका रोलात किती मावतं?"

"छत्तीस फोटो."

"छत्तीस कळलं. पण मोठं मावतं का?"

"काहीही मावतं आबा. डोंगरसुद्धा."

"अन मुंगी?"

"तीही."

"डोंगराला अन मुंगीला एवढंच घर?" त्यांनी तो काळा गोल डबा हातात घेतला, कानाशी हलवून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचं नवल मला आजही दिसतं. मी इतकी वर्षं रोल विकत घेतले होते, पण असं नवल मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनीच निकाल दिला. "पाच ने."

माय म्हणाली, "पाच कावून?"

"चार वापरायला. एक राखणीचा."

आता हे राखणीचं सांगायला हवं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. घरातलं सगळं भांडंकुंडं भरून ठेवायचं आणि पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचं. त्यात एक हंडा कोपऱ्यात असतो, वर पितळी ताट, ताटावर वरवंटा. तो राखणीचा हंडा. त्याला कुणी हात लावत नाही. पाहुणा आला तरी नाही, पोरगं रडलं तरी नाही. लहानपणी मला वाटायचं, हे पाणी नक्की कुणासाठी आहे? पुढं कळलं की ते कुणासाठीच नाही. तो हंडा भरलेला आहे म्हणून बाकीच्या हंड्यांतलं पाणी घोटभर तरी निवांत पिता येतं. नवीन पाणी आलं की त्यातलं जुनं गुरांना जातं आणि सगळ्यात आधी तोच परत भरला जातो. ज्या घरात असा हंडा नाही ते घर आमच्या मायच्या लेखी घरच नव्हतं.

तर असे पाच रोल, चटणीच्या डब्यात. विमानतळावरच्या बाईंनी डबा उघडला, वास घेतला, पिशवी काढली, एकेक रोल बघितला आणि परत नाडीसुद्धा नीट बांधून दिली. डबा मात्र यंत्रातून गेलाच. मायला मी हे कधी सांगितलं नाही.

नॉर्वेतल्या त्या दिवसांचं काय सांगू? मी भूगोलाची बाई, आणि माझी वाचाच बसली. दत्ता गाडी चालवत होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी पडत होतं. एका ठिकाणी नाही, प्रत्येक वळणावर. कड्यावरून पांढरी दोरी सोडावी तसं. काहींना नावंसुद्धा नव्हती. आम्ही ज्याच्यासाठी नवस बोलतो ते इथं कुणाचं लक्ष नसताना पडत होतं. मी दत्ताला विचारलं, "हे साठवतात कुठं?"

"साठवत नाहीत ताई. समुद्रात जातं."

"सगळं?"

"सगळं."

मी खिडकीला कपाळ टेकून बसले. आनंद होता, आणि आत कुठं तरी राग पण होता, कुणावर ते कळत नव्हतं. पहिल्या धबधब्याशी गाडी थांबवली. मी उतरले, डोळा लावला, एक फोटो काढला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. दत्ता म्हणाला, "अजून घे. हलला असेल."

"नाही हलला. पुढं याहून मोठा असेल."

पुढं खरंच याहून मोठा होता. तिथंही मी एकच काढला, कारण त्याच्याही पुढं असेलच. असं करत करत मी त्या पाण्याच्या मुलखातून चालले होते, कॅमेऱ्यावरचा आकडा हळूहळू सरकवत. तिकडच्या बायका एकाच फुलाचे चार-चार फोटो काढत होत्या. मी एका कड्याला एक देत होते. दत्ता वैतागला. "ताई, दाब की बटण. आपल्या घरी न्यायचंय म्हणून सांगतोय, इथं काही टँकरची वाट बघायची नाही." मी म्हटलं, "असू दे, पुरवून घेते." बोटच धजावत नव्हतं. तलवाड्याची सवय बोटात होती, ती विमानात बसून थोडीच सुटते.

शेवटच्या दिवशीचा तो धबधबा मात्र मी विसरले नाही. तो जवळून मावतच नव्हता. वरचं टोक घेतलं तर खालचा फेस जायचा. मी मागं सरकत गेले, रस्ता ओलांडला, गवतात गेले, चिखलात गेले, तेव्हा कुठं वरपासून खालपर्यंतचा अख्खा त्या बारीक खिडकीत आला. तुषार इतक्या लांबही येत होते. हात ओले, चेहरा ओला. मला एकदम नारायणगडाची कड आठवली आणि आबांचं ते "एका नजरंत". मी बटण दाबलं आणि तिथंच उभी राहून रडले. इतकं पाणी एका वेळी आपल्या डोळ्यांना झेपत नाही, असं मला अगदी खरंच वाटलं.

परत आले तेव्हा पाचातले तीन रोल वापरलेले, दोन तसेच. एक आबांनी सांगितलेला राखणीचा, आणि दुसरा माझा मीच राखलेला. दत्तानं निघताना कपाळाला हात लावला. घरी मी हे बोललेच नाही. पाण्याच्या देशात जाऊन रोल वाचवून आले हे सांगायची लाज वाटत होती. दोन्ही डबे माझ्या कपाटात ठेवून दिले.

रफिकभाईंनी फोटो धुऊन दिले ते घेऊन मी तलवाड्याला गेले. दिवाळी जवळ आली होती, ज्वारीची पेरणी झाली होती, रानात नुसती ओळींनी फुटलेली हिरवी टोकं. आबा अंगणात उन्हात बसले होते. मी तो शेवटचा धबधबा पहिल्यांदा हातात दिला. एरवी ते कुठलीही वस्तू नाकाजवळ नेऊन तिच्यावरून मान फिरवायचे. तशीच फिरवायला सुरुवात केली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात लांब केला. पूर्ण लांब. आणि त्यांची मान थांबली.

इतक्या महिन्यांत मी त्यांची मान थांबलेली पाहिली नव्हती. मायला वाटलं, चक्कर आली. ती धावत आली. "काय झालं हो?"

"समदा दिसायलाय," आबा म्हणाले.

"काय समदा?"

"वरलं टोक बी दिसायलंय अन खालचा फेस बी. एकदम."

मला उलगडायला क्षणभर वेळ लागला. हातभर अंतरावरचा तो पोस्टकार्डाएवढा कागद त्यांच्या नळीत पुरेपूर मावत होता. दारातला लिंब त्यांना तुकड्यातुकड्यानं दिसायचा, मांडीवरचं पोर तुकड्यातुकड्यानं दिसायचं, पण सातासमुद्रापलीकडचा तो कडा त्यांच्या नजरेत सबंध उभा होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. धबधब्यापाशी जे वाटलं होतं तेच मला परत वाटलं, त्याहून जास्त वाटलं.

त्यांनी बाकीचे फोटो मागितलेच नाहीत. विचारलं, "रोल राहिला का?"

माय म्हणाली, "राखणीचा असंल की."

"दोन आहेत आबा," मी म्हटलं. "मी तिथं हात आखडला."

मला वाटलं होतं, रागावतील. ते इतके खूश झाले की त्यांनी मांडीवर हात मारला. "बरं केलंस. मग आपलं रान घे त्यात. मला समदं एकदम बघायचंय."

मी लगेच कॅमेरा काढायला निघाले. त्यांनी थांबवलं. "आत्ता काय हाय रानात? ढेकळंच दिसतील. ज्वारी निसवू दे."

"आन् नजर थांबती का ज्वारीसाठी?" माय म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता.

"थांबंल," आबा म्हणाले, आणि विषय संपवला.

तो हंगाम मी कधी विसरणार नाही. एकीकडं ज्वारी वाढत होती आणि दुसरीकडं आबांची नजर कमी होत होती, आणि आम्ही दोन्हीकडं बघत होतो. शनिवारी शाळा सुटली की मी तलवाड्याला यायचे. आधी रान बघायचे, मग आबांना. गुडघ्याएवढी झाली. कमरेला लागली. पानांवर दव राहायला लागलं. मायनं तिची एक तपासणी काढली होती. सकाळी चहा द्यायच्या आधी ती दारात उभी राहायची आणि नाकातल्या फुलीवर बोट ठेवून विचारायची, "फुली दिसती का माझी?"

"दिसती. कान न्हाईत दिसत."

"कानाचं काय करायचंय. फुली दिसती न्हवं?"

मग ती चहा द्यायची. एका शनिवारी मी समोरच होते. तिनं विचारलं आणि आबांनी उत्तर द्यायला वेळ लावला. मान इकडं गेली, तिकडं गेली. मग म्हणाले, "हां, हाय तिथंच हाय." माय चुलीकडं वळली. चहात साखर घालायची विसरली आणि आबांनी तो तसाच प्यायला. त्या दिवशी मी त्यांच्या हातापाया पडले की आजच फोटो काढू या, ज्वारी पोटऱ्यात आलीय, कणीस आत तयार आहे, हिरवीगार दिसतीय. त्यांनी ऐकलं नाही. "कणीस भायेर आल्याबिगर रान पुरं दिसत न्हाई," म्हणाले. हट्टी माणूस. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

पौषात कणसं बाहेर आली. पाखरं हाकायला रानात माळा बांधलेला होता, चार मेढी आणि वर फळ्या. आबा म्हणाले, मी वर चढणार. मायनं खालून शिडी धरली, मी पुढं चढून त्यांचा हात ओढला. वर आल्यावर ते फळीवर बसले. चहूकडं ज्वारी. वाऱ्यानं एका बाजूची वाकली की दुसऱ्या बाजूची उठायची. राघूंचा थवा उतरत होता, उठत होता. आबांना मात्र यातलं समोरचंच एखादं कणीस दिसत असणार. मी राखणीचा एक रोल कॅमेऱ्यात भरला.

"आण, बघू त्या भोकातनं काय दिसतं," आबा म्हणाले.

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. त्यांनी लावला. आणि पुन्हा त्यांची मान थांबली.

"सुमे."

"काय आबा?"

"समदं हाय ह्यात."

मी एवढा प्रवास त्या खिडकीतून बघत केला होता, आणि तिच्यातून सगळं लहान होऊन दिसतं याचा मी कधी विचारही केला नव्हता. फोटो धुऊन येईपर्यंत थांबायची गरजच नव्हती. आबांना त्यांचं रान दिसत होतं, हलतं, जिवंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ते पुटपुटत होते. "हिर दिसली. बांधावरला लिंब दिसला. वरच्या अंगाला पातळ झालीय ज्वारी, बी कमी पडलं तिथं. राघू बघ किती आलेत." ते हळूहळू वळत गेले, चारी दिशांना. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरून बसले होते.

ऊन कलायला लागलं. मी म्हटलं, "आबा, द्या आता. उजेड जाईल, फोटो येणार नाहीत."

"जाऊ दे," आबा म्हणाले.

मी परत मागितला नाही. खालून माय ओरडत होती, उतरा, पडशीला. शेवटी त्यांनीच सांगितलं, "तू खाली जा. मायपाशी उभी राहा बांधाला." मी उतरले. आम्ही दोघी उभ्या राहिलो. वर माळ्यावर, नजर विझत चाललेला माझा बाप कॅमेरा डोळ्याला लावून अजिबात न हलता बसला होता. त्यांनी एकदा बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात मी बाकीचा रोल संपवला, हात न आखडता. पण आमच्या घरात राहिला तो आबांनी काढलेला फोटो. त्यात सगळी ज्वारी आहे, विहीर आहे, लिंब आहे, आणि खाली कोपऱ्यात आम्ही दोघी, करंगळीच्या नखाएवढ्या.

माय म्हणाली, "माणसं लई बारीक आली."

"माणसांचा न्हाई, रानाचा काढलाय," आबा म्हणाले. "तुमी रानात हायत."

पुढच्या ज्वारीपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. तो फोटो मात्र सदऱ्याच्या खिशात असायचा. कुणी आलं की काढायचे, हात लांब करायचे आणि बोट ठेवून दाखवायचे: ही हिर, हा लिंब, ही माझी बायको, ही पोरगी. कधी कधी फोटो उलटा धरलेला असायचा. कुणीही त्यांना तसं सांगितलं नाही. येणारी माणसं मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, हो आबा, दिसतंय.

राहिलेला एक रोल अजून माझ्याकडं आहे. माय गेली, आबा गेले, रफिकभाईंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या रोलची मुदत कधीच उलटलीय. कपाट आवरताना हाताला लागतो, मी जागचा हलवते आणि परत ठेवते.

आज रात्री रेवतीचा पुन्हा फोन आला. "आत्या, सांग ना. किती नेऊ?"

"तुला वाटतील तेवढे ने. आणि एक माझ्याकडून घेऊन जा. तो तिकडं उघडायचा नाही."

"मग न्यायचा कशाला?"

"तो सोबत असला की बाकीचे मोकळ्या हातानं वापरता येतात."

ती हसली. मग म्हणाली, "आणि आल्यावर त्याचं काय करायचं?"

"आल्यावर त्याला घेऊन इकडं ये," मी म्हटलं. "तोवर कणसं भरलेली असतील. मी माळा बांधून ठेवते."